गुपचूप उरकायचं ऑपरेशन

मला एक छोटीशी गोष्ट गुपचूप उरकायची होती. इतकी छोटी, की डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे दाढ काढायला त्याहून जास्त वेळ लागतो. पण दाढ काढली की गालाला सूज येते, लोक विचारतात आणि आपण ऐटीत सांगतो. ही जागा अशी, की तिथे सूज आली तर कुणी विचारू नये, आणि विचारलंच तर आपण सांगू नये. मी सान देमेत्रियोच्या हायस्कुलात मूल्यशिक्षण शिकवतो. रविवारी चर्चमध्ये उभा राहून बायबलचं वाचन करतो. लोक मला माग्बानुआ सर म्हणतात, आणि मी रस्त्याने निघालो की दुकानासमोर बसलेली पोरं पत्ते मांडीखाली सारतात. अशा माणसाच्या नसबंदीची बातमी फक्त त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या मालकीची असावी, असं माझं मत होतं. आजही आहे.

कारण अगदी साधं होतं. फेलीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, चौथं बाळंतपण अर्ध्यातच आटोपलं, आणि त्याच्यासोबत ती स्वतःही आटोपता आटोपता राहिली. रक्तदाब एवढा चढला की नर्सने यंत्र बिघडलं समजून दुसरं आणलं, तर ते पहिल्याशी सहमत झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता पुन्हा दिवस राहता कामा नयेत. हे सांगणं सोपं. गोळ्या रक्तदाबाला चालत नव्हत्या. इंजेक्शनाने फेली सुजली. तांबी बसवली तर ती महिनाभर अंथरुणाला खिळली. तिचं ऑपरेशन करायला भूल द्यावी लागणार, आणि भूल द्यायला कुणी धजत नव्हतं. आरोग्य केंद्रातल्या सुईणबाई नांग पिलार (नांग म्हणजे आमच्याकडे ताई) हे सगळं ऐकून घेत होत्या. चष्म्याच्या वरून बघत त्या म्हणाल्या, "घरात माणसं दोन आहेत, सर. आतापर्यंत आपण एकाचाच विचार केला."

मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

घरी येईपर्यंत फेली काही बोलली नाही. तिने मला 'तू कर' असं म्हटलं असतं तर मला रागावता आलं असतं, 'राहू दे' म्हटलं असतं तर राहू देता आलं असतं. ती फक्त भात टाकायला गेली आणि आमच्या तिन्ही मुलींपैकी कुणावर तरी उगाच ओरडली. त्या ओरडण्यात एवढी भीती होती, की मी सदरा बदलता बदलता निर्णय घेऊन टाकला. मोठे निर्णय मी नेहमी सदरा बदलतानाच घेतो. लग्नाचाही असाच घेतला होता.

"मी करून येतो," मी म्हणालो.

"काय?"

"ते."

फेलीने झाकण ठेवलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली. "कुणाला सांगणार आहेस?"

"कुणालाही नाही."

"मग होईल," ती म्हणाली. तिला आमचं सान देमेत्रियो माझ्याइतकंच माहीत होतं, तरी ती असं म्हणाली. बायका कधीकधी आपला हुरूप टिकावा म्हणून खोटं बोलतात.

गुप्ततेसाठी मी इलोइलोची जीपनी, म्हणजे आमच्याकडची वडापची गाडी, पकडली आणि शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथे पुरुषांचं कुटुंबनियोजन हे 'माता आणि बालक' विभागात मोडतं हे मला ठाऊक नव्हतं. बाकांवर सगळ्या गरोदर बाया. त्यांनी सरकून मला जागा करून दिली. शेजारची म्हणाली, "बायको आत आहे का?" मी 'हो' म्हणालो. मूल्यशिक्षणाचा शिक्षक म्हणून नोंद करतो, की त्या दिवशीचं हे पहिलं खोटं होतं, शेवटचं नव्हे.

खिडकीतल्या मुलीने मान वर न करता विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?"

"मला?"

"पेशंटला."

"पेशंट मीच आहे."

आता तिने मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, "सर, ही जागा रिकामी ठेवली तर पुढचं पानच उघडत नाही. काहीतरी सांगा."

मागे रांग खोळंबली होती. मी चटकन जी सुचली ती तारीख सांगितली. पुढचं पान उघडलं. संगणकाने हिशोब केला आणि माझ्या बाळंतपणाची तारीख काढून दिली, नाताळच्या आसपासची. त्या मुलीने मला लोहाच्या गोळ्यांची पुडी दिली, वजन केलं, आणि मगच सांगितलं की पुरुषांचं ऑपरेशन करणारे डॉक्टर सौदीला गेलेत.

"परत कधी येणार?"

"निवृत्त झाले की."

गोळ्या मी फेलीला दिल्या. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बघ, तुला एकदाच विचारलं तर एवढं लागलं. मला दर वेळी विचारतात."

मग नांग पिलारनी तोडगा काढला. कुठल्याशा थंड देशातली एक मदतसंस्था व्हॅन घेऊन गावोगाव फिरत होती. व्हॅनमध्येच ऑपरेशन, व्हॅनमधूनच घरी. अट एकच, गावातून निदान दहा पुरुष हवेत. तेवढे नसतील तर व्हॅन फिरकत नाही, कारण पैसे देणाऱ्यांना आकडा दाखवावा लागतो. मी म्हणालो, बाकीचे नऊ कुठून आणायचे? नांग पिलार म्हणाल्या, "ते कपितानवर सोडा."

इथे माझी चूक झाली असं म्हणता येईल, पण त्या वेळी ती चूक दिसत नव्हती. कपितान सिसिन्यो हे आमच्या बरांगायचे, म्हणजे गावाचे, निवडून आलेले प्रमुख. गावावरून जाणारी कुठलीही मदत त्यांच्याकडे जेवल्याशिवाय पुढे जात नाही. त्यांनी गावच्या हॉलवरच्या कर्ण्यातून जाहीर केलं: "पुरुषांनो, येत्या शनिवारी सकाळी हॉलमध्ये या. परदेशी पाहुणे येत आहेत. कार्यक्रम फक्त पुरुषांसाठी. सगळं मोफत. ज्यांना मुलं जास्त, त्यांना आधी. नाश्ता आहे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण आदल्या वर्षीच्या वादळानंतर परदेशी पाहुणे आले होते ते तांदूळ आणि सार्डिनचे डबे घेऊन, आणि त्याही वेळी मुलं जास्त असणाऱ्यांना आधी दिलं होतं. शनिवारी मी हॉलवर पोहोचलो तेव्हा रांग चर्चच्या फाटकापर्यंत गेली होती. प्रत्येकाच्या हातात रिकामं पोतं.

माझे शेजारी नोंग आम्बो, म्हणजे आम्बोदादा, पोतं आणि कोंबडा दोन्ही घेऊन आले होते. झुंजीचा कोंबडा, ते त्याला चर्चमध्येही आणतात. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. "सर, तुम्हीपण? तुम्हाला तर पगार आहे."

मागच्या दोघातिघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गरिबाच्या ताटातला मासा उचलतोय. मी म्हणालो, "मी व्यवस्था बघायला आलोय." आणि व्यवस्था बघत असल्यासारखा इकडेतिकडे फिरलो, दोन खुर्च्या सरळ केल्या.

व्हॅन आली. आतून उतरल्या एक उंच, पांढऱ्या केसांच्या परदेशी डॉक्टरीणबाई आणि मनिलाहून आलेली मिस अरियाना नावाची तरुण अधिकारी. एवढे पुरुष बघून डॉक्टरीणबाई जागच्या जागी थबकल्या. त्यांनी हात छातीवर ठेवला. डोळे पुसले. अरियाना फोटो काढत सुटली. ती माझ्या कानाशी म्हणाली, "सर, आधीच्या गावात दोन आले होते. दोन. मी आजच वरिष्ठांना कळवते." मला बोलायला हवं होतं. पण एखाद्या माणसाला एवढं आनंदी बघितल्यावर तोंड उघडत नाही.

सगळ्यांना आत बसवलं. भिंतीवर एक मोठं चित्र टांगलं. काही वेळ लोकांना वाटलं, ते पाण्याच्या योजनेचं आहे. नळ्या होत्या, टाकीसारखं काहीतरी होतं. डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि अरियाना आमच्या भाषेत सांगत होती. "या दोन नळ्या. या इथे कापायच्या आणि बांधायच्या. बस्स, एवढंच."

नोंग आम्बोंनी हात वर केला. "कुणाच्या?"

"तुमच्या," अरियाना हसून म्हणाली.

हॉल इतका शांत झाला की कोंबड्याने मान वळवलेली ऐकू आली. मग नोंग आम्बो उठले. "याला ऊन सोसत नाही," ते कोंबड्याकडे बोट दाखवत म्हणाले, आणि सावलीतून उन्हात निघून गेले. त्यांच्या मागून एकाला जाळं सोडवायचं आठवलं, दुसऱ्याला म्हैस, तिसऱ्याने काही आठवल्याचं नाटकही केलं नाही. धावत कुणी गेलं नाही. आमच्या भागातली माणसं फार सौम्य. त्यांनी जाताना डॉक्टरीणबाईंना एकेक करून वाकून नमस्कार केला. त्या प्रत्येकाला वाकून उत्तर देत राहिल्या. आधी त्यांना वाटलं ही स्वागताची पद्धत असेल.

शेवटून दुसरा एक मच्छीमार होता. तो दारात थांबला, पोत्याची घडी करत अरियानाला हळूच म्हणाला, "मिस, तांदूळ नसेल तर तेवढं आधी सांगत जा. मी आज नाव काढली नाही."

अरियानाचा चेहरा पडला. "आमच्याकडे तांदळाचा विभाग वेगळा आहे," ती म्हणाली, आणि ते बोलताना ते कसं ऐकू येतंय हे तिलाही कळलं. नाश्त्याच्या पिशव्या उरल्या होत्या. तिने त्याला चारपाच दिल्या, मग सगळ्याच दिल्या.

उरलो दोघं. मी आणि लोलो सेलो. लोलो म्हणजे आजोबा; हे ठार बहिरे, नातवंडांचीही लग्नं झालेली. ते रांगेत पहिले होते आणि आपला नंबर सोडायला तयार नव्हते. "जे काय द्यायचं ते द्या," ते म्हणत होते. त्यांना खुणांनी समजावून सांगण्यात बराच वेळ गेला, आणि खुणा अशा होत्या की त्या करणाऱ्याचीच अब्रू जावी. शेवटी त्यांनाही कळलं. ते खूप हसले. "एवढ्या उशिरा आलात होय?" असं म्हणून काठी टेकत गेले.

डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या. त्या चित्राची गुंडाळी करायला निघाल्या तेव्हा मी उठलो. उठताना सदऱ्याच्या बाह्या का सरळ केल्या ते सांगता येणार नाही. म्हणालो, "मी आहे."

अरियाना म्हणाली, "तुम्ही व्यवस्था बघताय ना?"

"बघून झाली."

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दुखलं नाही, किंवा दुखलं तेवढं सांगण्याजोगं नव्हतं. डॉक्टरीणबाई कामभर कसलं तरी गाणं गुणगुणत होत्या. एका माणसासाठी व्हॅन एवढ्या लांब आणली म्हणून मी माफी मागितली, तर त्या म्हणाल्या की एक पुरुष म्हणजे एक वाचलेली बाई. अरियानाने हे मला सांगताना चष्मा काढून पुसला. मग तिने काही कागदांवर माझ्या सह्या घेतल्या आणि माझा एक फोटो काढला. त्या अवस्थेत माणूस कशावरही सही करतो. घर विकायला काढलं असतं तरी केली असती.

घरी निघालो तो तिचाकी रिक्षातून, गुडघे फाकवून. आमचा रस्ता म्हणजे खड्ड्यांना जोडणारी माती. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात उतरत होती आणि मी प्रत्येक खड्ड्यावर एकेका संताचं नाव घेत होतो. घरासमोर नोंग आम्बोंच्या बायकोचं दुकान. साबण, मीठ, व्हिनेगर आणि गावच्या बातम्या तिथे सुट्या मिळतात. नांग सुसिंग जाळीमागून म्हणाली, "सर, काय झालं?"

"शिडीवरून पडलो."

"कुठल्या शिडीवरून?"

आमच्याकडे शिडी नव्हती. ते नांग सुसिंगलाही माहीत होतं, कारण आम्हाला लागली की आम्ही तिचीच नेत असू.

संध्याकाळपर्यंत सल्ले सुरू झाले. नोंग आम्बो म्हणाले, आता जड उचलू नका, हाडांतली ताकद गेली. मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला की आवाज बारीक झाला तर प्रार्थनेला दुसऱ्या कुणाला उभं करू. एका पालकाने पपईच्या मुळ्या आणून दिल्या. कशासाठी ते त्यालाही सांगता येईना. आणि नांग सुसिंगने एकच शब्द वापरला, जो आमच्याकडे डुकरांसाठी आणि बैलांसाठी राखलेला आहे: खच्ची. ती तो कुजबुजून म्हणाली, पण तिचं कुजबुजणं चौकापर्यंत जातं. "तीन पोरीच तर आहेत. एक मुलगा होईपर्यंत तरी थांबायचं. आता खच्ची करून घेतल्यावर काय?"

फेली दारात उभी होती. ती म्हणाली, "नांग, पुढचा मुलगा तुम्ही माझ्या फोटोला हार घालून वाढवला असता." नांग सुसिंगने मिठाची पुडी बांधली.

एवढ्यावर थांबलं असतं तर माझी अब्रू निम्मी तरी वाचली असती. आठवडा गेला, मी नीट चालू लागलो आणि सोमवारी सकाळी शाळेला निघालो, तर चौकात गर्दी. आमच्या चौकात फ्लेक्स लावायची हौस फार. कुणी नर्सिंगची परीक्षा पास झालं की फ्लेक्स, कुणाचा कोंबडा झुंज जिंकला की फ्लेक्स. त्या दिवशी नर्स झालेल्या मुलीच्या आणि जिंकलेल्या कोंबड्याच्या बरोबर मध्ये मी होतो. माणसाहून मोठा. व्हॅनमध्ये काढलेला तोच फोटो. डोळे अर्धवट मिटलेले, चेहऱ्यावर स्वर्गात पोहोचल्यासारखं हसू. वर लिहिलं होतं: 'हार्दिक अभिनंदन! सर तिओदुल्फो माग्बानुआ. नसबंदी करून घेणारे सान देमेत्रियोचे पहिले पुरुष.' खाली कपितानचा फोटो, माझ्यापेक्षा थोडा मोठा, आणि मदतसंस्थेची खूण.

मी थेट कपितानकडे गेलो. ते म्हणाले, "सर, तुम्ही सही केलीत. आणि संकोच कसला? अख्ख्या गावात दुसरा माणूस दाखवा."

"मला तो काढून हवाय."

"काढतो ना. पण पैसे देणारे पाहुणे बघायला यायचेत, तोवर राहू दे. वाऱ्यापावसाचा टिकावा म्हणून चांगल्या कापडाचा केलाय."

शाळेत माझ्या वर्गात त्या दिवशी संयमावर धडा होता. मुलांनी तो अत्यंत लक्षपूर्वक ऐकला. ते माझ्या सबंध नोकरीत प्रथमच घडत होतं. रविवारी फादर मेल्चोरनी मला बोलावलं. चर्चला असलं ऑपरेशन चालत नाही, म्हणून मी वाचनाचं पुस्तक परत द्यायच्या तयारीनेच गेलो होतो. ते म्हणाले, "चर्चचं म्हणणं तुला माहीत आहे. ते मी तुला सांगितलं, असं समज." मग खिडकीबाहेर बघत विचारलं, "फेली बरी आहे?" मी म्हणालो, बरी आहे. "आजही तूच वाच," ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाला मोठी नावं वाचता येत नाहीत."

आणि फेली? ती चौकात जाऊन फ्लेक्स बघून आली. मी विचारलं, "कसा आहे?" ती म्हणाली, "तू एवढं हसताना मी आपल्या लग्नातही बघितलं नव्हतं." मग म्हणाली, "राहू दे, दुल्फो. लाज वाटण्यासारखं काही केलं नाहीस." मला बरं वाटलं, पण शाळेला मी मागच्या गल्लीने जायला लागलो.

नांग पिलारनी बजावलं होतं, ऑपरेशन झालं म्हणजे लगेच निर्धास्त व्हायचं नाही. थोडे महिने काळजी घ्यायची, मग नमुना तपासायला द्यायचा. आम्ही काळजी घेतली. मी नमुनाही दिला. लहानशा बाटलीत, ती बाटली उबेत ठेवायची म्हणून काखेत धरून, खचाखच भरलेल्या जीपनीत. हात अंगाशी का दाबून धरलाय असं विचारणाऱ्या बाईला मी काखेत गळू झाल्याचं सांगितलं. पण शहरातल्या त्या दवाखान्यात तो नमुना पुन्हा 'माता आणि बालक' मध्ये गेला आणि हरवला. दुसरा दिला. त्याचं उत्तर यायला वेळ लागणार होता.

आणि मध्येच फेलीची पाळी चुकली.

तिने मला सांगितलं नाही. मला ते कळलं ते तिच्या ओरडण्यावरून. मी विचारलं, "किती दिवस?" तिने मान फिरवली. आरोग्य केंद्रातल्या तपासणीच्या पट्ट्या संपल्या होत्या. एक सापडली, मुदत उलटलेली. तिच्यावर दीड रेघ उमटली. नांग पिलारनी ती उजेडात धरली, तिरपी करून बघितली, आणि म्हणाल्या, "शहरात जा, सर. सोमवारी तिथल्या डॉक्टरीणबाई असतात."

सोमवार लांब होता. त्या दिवसांत मी शाळेत काय शिकवलं ते आठवत नाही. मला रक्तदाबाचं ते दुसरं यंत्र आठवत होतं, पहिल्याशी सहमत झालेलं. फेली घरात सगळं नीटनेटकं करत होती. कपाटं, भांडी, मुलींचे कपडे. कुणी लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखी. थोरलीला बटण लावायला शिकवत होती. मला ते बघवेना.

शनिवारी ती नांग सुसिंगच्या दुकानातून रिकाम्या हाताने परत आली. पट्टी कुणी बघितली होती, कुणी कुणाला सांगितलं होतं, देव जाणे. नांग सुसिंगने एवढंच विचारलं होतं, "सरांचं तर कापलंय. मग हे कुणाचं?" आणि दुकानात उभे असलेले सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले होते.

फेली रडली नाही. ती म्हणाली, "मला मरायची एवढी भीती नाही वाटत. पण लोक असं म्हणत असताना मरायचं नाही मला."

मी चप्पल घातली. कुठे जातोस, तिने विचारलं. मलाही माहीत नव्हतं. मी चौकातून गेलो, त्या फ्लेक्सखालून, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. हॉलमध्ये कपितान कर्ण्यावर उद्याच्या साफसफाईबद्दल सांगत होते. मी त्यांच्या हातातून माइक घेतला. ते बाजूला सरले. नंतर सांगत होते, की सरांचा चेहरा बघून वाटलं, बहुतेक वादळाची सूचना आली.

"सान देमेत्रियोच्या रहिवाशांनो," मी म्हणालो. माझा आवाज घराघरांवरून फिरून माझ्याकडे परत येत होता. "मी माग्बानुआ सर बोलतोय. माझ्या ऑपरेशनबद्दल तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ते ऑपरेशन बहुधा फसलंय. असं होऊ शकतं. तपासणीचं उत्तर अजून आलेलं नाही. माझ्या बायकोला दिवस राहिले असतील तर मूल माझं आहे. ते माझं नाही असं ज्याला वाटतं, त्याने मला येऊन सांगावं, तिला नाही. ती आजारी आहे. तिच्यासाठी प्रार्थना करायची असेल तर करा, नाहीतर गप्प बसा." मग पुढे काय बोलावं ते कळेना. चर्चमधलं वाचन संपवायच्या इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "हा प्रभूचा शब्द आहे."

आणि आसपासच्या घरांतून, अंगणांतून, नांग सुसिंगच्या दुकानातूनसुद्धा, सवयीनेच उत्तर आलं, "प्रभूला धन्यवाद."

गुपचूप उरकायची गोष्ट होती ती. पुरुषाने स्वतःहून कर्ण्यावरून सांगावं, की माझं ऑपरेशन फसलं. याहून खाली अब्रू जायला जागा उरत नाही. पण घरी परतताना मी चौकातूनच आलो. अरियानाचा मनिलाहून फोन आला. कपितानने तिला कळवलं होतं आणि ती रडकुंडीला आली होती, सान देमेत्रियोतला तिचा एकुलता एक आकडा गेला म्हणून. मी तिची समजूत घातली. कपितानने माणूस पाठवून फ्लेक्सवर चादर टाकली. नोंग आम्बो अंगणात आले, बराच वेळ कोंबड्याच्या पिसांवरून हात फिरवत उभे राहिले आणि म्हणाले, "सुसिंगला मी बोललोय. ती येईल माफी मागायला. तिला थोडा वेळ द्या, तिला सवय नाही." ती रविवारी आली. पपया घेऊन आली आणि माफी सोडून बाकी सगळं बोलली.

सोमवारी आम्ही दोघं शहरात गेलो. फेलीला आत नेलं. मी 'माता आणि बालक'च्या बाकावर बसलो. या वेळी बायको खरोखरच आत होती. खिडकीतल्या मुलीने मला ओळखलं. "सर, तुमचं उत्तर आलंय," ती म्हणाली. तिने ते वाचलं, मग उभी राहून, जरा मोठ्यानेच, सांगितलं, "काहीही नाही, सर. एकसुद्धा नाही. पूर्ण स्वच्छ." बाकावरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना माहीत नसावं, पण अशा जागी चांगली बातमी ऐकली की बाया टाळ्या वाजवतात.

म्हणजे ऑपरेशन फसलं नव्हतं. मग आत काय होतं? तो नांग सुसिंगचा प्रश्न नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. फेलीला काहीतरी वेगळंच, याहून वाईट झालं असेल, ही भीती होती.

डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. फेली टेबलाच्या कडेला बसली होती, पाय लोंबकळत.

"गरोदर नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठबीठही काही नाही. वय झालंय, एवढंच. काहींना जरा लवकर सुरुवात होते. पाळी आता अशीच मागेपुढे होईल आणि मग थांबेल."

फेलीने विचारलं, "म्हणजे म्हातारी झाले?"

"तसं नका म्हणू. हा नैसर्गिक..."

"पण झाले ना?"

"बाई, हो. सुरुवात झाली."

"नक्की?"

"नक्की."

फेलीने तोंडावर पदरासारखा हातरुमाल धरला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. खांदे हलेपर्यंत, टेबल वाजेपर्यंत. नर्स आत डोकावून गेली. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मग माझं जे झालं... ते फुकट गेलं का?"

"मुळीच नाही. पाळी पूर्ण थांबेपर्यंत दिवस राहू शकतात. आणि त्यांच्या बाबतीत एकदासुद्धा परवडलं नसतं."

"ऐकलंस?" मी फेलीला म्हणालो.

"ऐकलं," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि फुकट गेलं असतं तरी चाललं असतं, दुल्फो. इतकी वर्षं दर महिन्याला मी एकटी घाबरायचे. या वेळी तूपण घाबरलास."

बाजारात आम्ही एकेक वाटी बाचोय, आमच्याकडचं शेवयांचं सूप, खाल्लं, वर अंडं घालून. मग परतीची जीपनी. गर्दी होती. एक म्हातारी टोपली मांडीवर घेत फेलीला म्हणाली, "बस गं पोरी, इथे बस."

"पोरी नाही, नांग," फेली बसता बसता म्हणाली. "डॉक्टरांनी आजच सांगितलंय. मी म्हातारी झाले." सोडत लागल्यासारखी ती हे सांगत होती. म्हातारीने तिला आपादमस्तक न्याहाळलं, आणि अभिनंदन करावं तसा तिचा हात दाबला.

शहर संपायच्या आत फेली माझ्या खांद्यावर झोपली. तोंड किंचित उघडं, कपाळावर एक आठी नाही. अशी गाढ झोपलेली मी तिला कित्येक वर्षांत बघितली नव्हती. सान देमेत्रियोचा चौक आला. कपितानने फ्लेक्सवरची चादर काढायला माणूस लावला होता. बातमी आमच्या आधी पोहोचलेली दिसली. जीपनी थांबली, लोक उतरले, चढले. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "सर, उतरायचं नाही?"

"परत येताना उतरू," मी हळू आवाजात म्हणालो. "तू जा पुढे."